विंचवाची कपार

ही समोर दिसतीय ना, ती विंचवाची कपार. हात घालू नका हो पाव्हणं, फोटो लांबनंच काढा! विंचू काय तुमचं गाव विचारून चावत नाही. चावलाच तर सरळ दवाखाना गाठायचा. मला मंत्रबिंत्र येत नाही.

फार मागं या मुलखात पेंढारी आले होते, असं सांगतात. आरोळी झाली की गाव डोंगरापल्याड पळायचं. ज्याला पळता येत नाही त्याला या कपारीत बसवायचं आणि तोंडाला बाहेरून शिळा लावायची, अशी तेव्हाची रीत. धोंडाबाय म्हातारी वातानं जखडलेली, गुडघे सुजलेले, बोटं वळायची नाहीत. तिला आत बसवलं, मांडीवर तिची आईवेगळी नात तानी दिली आणि शिळा लावली.

पेंढाऱ्यांनी पायथ्यालाच तळ ठोकला. आता शिळा काढायला यायचं कोणी? आतलं पाणी संपलं. पोर रडायचीही थांबली. मागं एक अरुंद भुयार होतं, रांगत गेलं तर झऱ्याशी निघणारं. पण रांगायला गुडघे वाकायला नकोत? तिनं शिळेवर डोकं आपटलं, देवाला शिव्या घातल्या. शेवटी चाचपडत भुयारात शिरू लागली, तर हात पडला तो विंचवांच्या घरात.

हाताला डंख, गुडघ्याला डंख. म्हातारी गुरासारखी हंबरली. मग म्हणे ती कळ उतरली आणि उतरताना जुनं दुखणंही घेऊन गेली. गुडघे वाकले, बोटं वळली. पोरीला पदरानं पाठीशी बांधून ती रांगत झऱ्यावर पोचली. पोर जगली. पेंढारी गेल्यावर गाव माघारी आलं आणि त्यानं म्हातारीला डोक्यावर घेतलं.

पुढं एका सकाळी तिनं नातीच्या आंघोळीचं पाणी हात घालून बघितलं. हाताला काहीच लागलं नाही. तिनं तांब्या ओतला. बया गं, कढत पाण्यानं पोरीची पाठ सोलून निघाली!

त्याच दिवशी धोंडाबाय पुन्हा कपारीत शिरली. "माझं दुखणं मला माघारी द्या रं," म्हणून विनवत बसली. एकही विंचू तिला शिवला नाही.

आजही वाताची माणसं इथं येतात, शिळेवर डोकं टेकतात. मागणं एवढंच की दुखणं कमी कर, पण सगळं नेऊ नको. मग सोबतचं माणूस त्यांना करकचून चिमटा काढतं. खोटं ओरडून चालत नाही बरं! खरं "आई गं!" ऐकल्याशिवाय आम्ही कुणाला घरी लेकराबाळांत जाऊ देत नाही.