येसनाकाची काठी

लहानपणी एका सकाळी मी छिन्नीचा आवाज ऐकला होता. टक्‌, टक्‌, आणि मग थोडं थांबून पुन्हा टक्‌. तो आवाज कशाचा होता, ते सांगतो.

आमच्या संस्थानी गावात वेशीजवळ एक वीरगळ उभा होता. काळ्या दगडात कोरलेला माणूस, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. दगडावर अक्षर एकही नव्हतं.

गावच्या तात्यासाहेबांनी जुना इतिहास जपायचं मनावर घेतलं. माणूस मनापासून झटणारा. पडके बुरूज त्यांनी साफ करवले, बुजलेली बारव उपसून घेतली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठून जुन्या गोष्टी विचारल्या. असे फिरत ते वेशीबाहेर कोंडाबाईच्या दारात आले.

कोंडाबाई हसली. म्हणाली, "आजवर आमच्या दारी गावकामाची वर्दी घेऊन माणूस यायचा. इतिहास विचारायला तुम्हीच पहिले."

मग तिने सांगितलं. गनीम चालून आला, तेव्हा राजा मागच्या चोरदिंडीतून निघून गेला. तिच्या घराण्यातला, वेशीची राखण करणारा येसनाक वेसकर मात्र वेशीचा दरवाजा धरून उभा राहिला, आणि तिथेच पडला. हा दगड त्याचा. घरात त्याची दुसरी खूण नव्हती. दर पितृपक्षात ती या दगडापुढे भाकरी ठेवायची.

तात्यासाहेबांनी गावात चौकशी केली. राजवाड्यातल्या म्हाताऱ्या कारभाऱ्यानेही मान खाली घालून हेच सांगितलं. तात्यासाहेबांचे डोळे भरून आले. "कोंडाबाई," ते म्हणाले, "तुमच्या माणसाला आता कुणी विसरणार नाही."

वेस दुरुस्त झाली, वीरगळावर छप्पर आलं. सोहळ्याला राजघराण्यातले महाराज यायचे ठरले. तेव्हा तात्यासाहेबांच्या इतिहास मंडळातले लोक कुजबुजू लागले. एकजण म्हणाला, "महाराजांना काय दाखवणार तात्यासाहेब? राजा पळाला आणि घोंगडीवाला उभा राहिला, हे?"

बाकीचे हसले. तात्यासाहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाथरवटाला बोलावलं.

पाथरवटाने दगड न्याहाळला. "काठीची तलवार होईल," तो म्हणाला. "घोंगडीचं काय करू?"

तात्यासाहेबांनी दगडातल्या घोंगडीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "शेला कर."

सकाळभर छिन्नी टक्‌टक्‌ चालली, आणि काम सुरेख झालं. दगडाला कुठे तडा गेला नाही, म्हणून तात्यासाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सोहळ्यात महाराजांनी हार घातला आणि विचारलं, "हे कोण?" तात्यासाहेब म्हणाले, "आपलेच पूर्वज, महाराज." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पितृपक्षात कोंडाबाई आली. दगडासमोर उभी राहिली. जिथे काठी होती, तिथे तिने बोट फिरवून पाहिलं. मग आजूबाजूचे दगड पाहिले, आपला दगड दुसरीकडे हलवला असेल म्हणून.

तात्यासाहेब तिथेच होते. ते घाईने म्हणाले, "दगड जपला बरं का आम्ही, कोंडाबाई. आता ऊन लागणार नाही, पाऊस लागणार नाही."

कोंडाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. भाकरी पदराखाली घेतली, आणि ती चालू लागली.

तात्पर्य: आपली लाज झाकायला दुसऱ्याचा पूर्वज खोडू नये. असा जपलेला इतिहास मोडून पडलेल्या इतिहासाहून वाईट.