अंगावर एक ओरखडा नाही

गाड्या आपसांत बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. ओतूरच्या भानुदास मंडपवाल्याने बांबू-कनातींची ट्रॉली ओढायला नवी डिझेल पिकअप घेतली. हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं चिरडली. सीटवरचं प्लास्टिक मात्र त्याने कुणाला काढू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी फिटर ट्रॉलीचा हूक मागे बसवायला आला आणि त्याने ड्रिल काढलं.

"नव्या गाडीला भोक पाडतोस?" भानुदास म्हणाला. "राहू दे. दिवाळीनंतर बघू."

पिकअपने सुटकेचा श्वास सोडला. म्हातारी जीपच ट्रॉली ओढत राहिली. ती संध्याकाळी धापा टाकत परतली, की पिकअप ताडपत्रीखालून म्हणायची, "काय गं आजी, हा अवतार? माझ्या अंगावर बघ, एक ओरखडा नाही."

"माझ्या अंगावर आता जागाच नाही," जीप म्हणायची.

दिवाळी गेली, लग्नसराई आली. मोठ्या लग्नाचं काम मिळालं तेव्हा भानुदासने ताडपत्री काढून किल्ली फिरवली. पिकअप नुसती खाकरली. उभ्या उभ्या बॅटरी उतरली होती.

गॅरेज लग्नाच्याच वाटेवर होतं. जीपमागे ट्रॉली जोडली आणि ट्रॉलीमागे पिकअप दोराने बांधली. दुसऱ्याने ओढून न्यायचा हूक कंपनीने तिला पुढून आधीच दिलेला होता.

बाजारपेठेत पिकअपने ट्रॉलीला हळूच विचारलं, "लोक माझ्याकडेच बघतायत का गं?"

"तुझ्याकडेच," ट्रॉली म्हणाली. "एक ओरखडा नाही म्हणतायत."