कालचा पाव

पाव आणि पातेली एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. वसईच्या सेलेस्तीन मावशीच्या फळीवर दोन गोल पाव शेजारी बसले होते. एक सकाळीच भट्टीतून आलेला, मऊ आणि गरम. दुसरा कालचा, कडक झालेला.

"सरक जरा तिकडे," ताजा पाव म्हणाला. "तुझी पाठ टोचते मला. आता तुला कोण खाणार?"

कालचा पाव कडेला सरकला. त्यालाही तेच वाटत होतं.

चुलीवर गाजर, दुधी नि वाटाण्याचं सूप रटरटत होतं. पाहुणी दारात आली, तशी मावशीने मुद्दाम ताजा पाव घेतला. वरची चकती कापली, आतला मऊ भाग काढून वाटी केली आणि सूप ओतलं. बघता बघता पावाचं बूड भिजलं आणि सूप ताटलीभर पसरलं.

"मीच खुळी! ताज्या पावात कुणी सूप ओततं का?" मावशी स्वतःवरच चिडली. तिने तो भिजका पाव सुपासकट पातेल्यात टाकून घोटला. सूप छान दाट झालं. मग तिने कालचा पाव कोरला आणि ते सूप त्यात भरलं. एक थेंबसुद्धा सांडला नाही.

आतून ओळखीचा आवाज आला, "अरे, मी आहे. नीट धरशील ना मला?"

"धरलंय की," कालचा पाव म्हणाला. "टोचत नाही ना?"