खवले मांजराची तहान

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक खवले मांजर राहत असे आणि मुलांनो, ते बहुतेक वेळा दमलेलेच असे. आळशी म्हणाल, तर मुळीच नाही. वारूळ उकरायला बसले की त्याच्या नख्या थांबत नसत. पण बिळातून नुसते बाहेर पडायचे म्हटले, तरी आधी डोळ्यांना उजेडाची सवय व्हावी लागे, पायाखालच्या वाळक्या पानांचा आवाज सोसावा लागे, वाटेत कोण भेटेल आणि त्याच्याशी काय बोलायचे हे ठरवावे लागे. इतरांना जे एक काम वाटे, त्याची याला दहा होत. आणि अकरावे म्हणजे, आपल्याला काही जड जात नाही असे दाखवणे!

वैशाखात जंगलात एकच डोह उरला. तिथला रिवाज असा, की सकाळी सगळ्यांनी मिळून जायचे, एकमेकांची खुशाली विचारायची, आपल्या वाट्याचा पालापाचोळा पाण्यातून काढायचा आणि मगच पाण्याला तोंड लावायचे. तिथली धक्काबुक्की आणि कलकलाट ऐकून खवले मांजर तीन दिवस वाटेवरूनच परत फिरले. त्याच्या घशाला कोरड पडली. "त्यात काय एवढं?" माकड फांदीवरून म्हणाले. "विचार करत बसू नकोस. हातासरशी सगळं उरकून टाक!" फुकटचा सल्ला द्यायला माकडाचे काय जाते?

चौथ्या दिवशी बिचाऱ्याने तसेच केले. ते गर्दीत शिरले, तिघांची खुशाली विचारली, पाण्यातले एक पान ओढले, तेवढ्यात कुणाचा तरी धक्का लागला आणि पाण्यापासून हातभर अंतरावर त्याने अंगाचे मुटकुळे केले. इतरांनी हाका मारल्या, हलवून पाहिले, काही उपयोग झाला नाही. "नाटकी आहे मेलं!" रानडुकरीण म्हणाली. आत त्याला सगळे ऐकू येत होते आणि फार वाईट वाटत होते. पाण्याचा वासही येत होता.

दुपारी डोह रिकामा झाला. एक म्हातारा गवा लंगडत लंगडत उशिरा आला. खवले मांजराला न हलवता तो जरा लांब बसला आणि म्हणाला, "नेमकं काय जड जातं तुला?"

मुटकुळ्यातून आवाज आला, "पाणी पिणं जमतं हो. पाण्याआधीचं सगळं जमत नाही."

"मग आज नुसतं पाणी पी. पाल्याचं उद्या बघू."

"आणि रिवाज?"

"रिवाज सगळ्यांना पाणी मिळावं म्हणून आहे. कुणी काठावर तहानेनं मरावं म्हणून नाही."

खवले मांजर हळूहळू उलगडले आणि थांबत थांबत पोटभर प्यायले. त्या दिवसापासून ते दुपारीच येऊ लागले. अंगात त्राण असेल त्या दिवशी पाला काढी, नसेल त्या दिवशी नुसते पाणी पिऊन परत जाई. दमणे काही संपले नाही. पाणी पिऊन आले, की ते बिळात संध्याकाळपर्यंत पडून राही.

एकदा माकडाने वरून विचारलेच, "तुला तेवढा वेगळा न्याय का रे?"

खवले मांजर म्हणाले, "वाट वेगळी आहे. तहान तुझ्याएवढीच आहे."

तात्पर्य : ज्याचे जळते त्याला कळते, म्हणून "त्यात काय एवढं?" म्हणण्याआधी "काय जड जातं?" असे विचारावे, आणि दमलेल्याने सगळे उरकण्याच्या नादात स्वतः तहानलेले राहू नये.