टिटवीने उधळलेला कापूस

मुलांनो, एका राईच्या कडेला खडकाळ माळ होता. तिथे एक तरुण टिटवी राहत असे. तिचा जन्म त्याच माळावरच्या खड्यांत झाला होता. ऊन, वारा आणि मोकळे आभाळ यांखेरीज तिला दुसरे घर ठाऊक नव्हते. वेळ आली तेव्हा तिनेही आईप्रमाणे पायांनी जागा उकरली आणि उघड्यावरच मातकट, ठिपकेदार अंडी घातली.

राईतल्या लिंबोणीवर शिंपीण नावाची चिमणीएवढी पाखरीण राहत असे. पाने शिवून ती घरटे करी आणि आत सावरीचा कापूस अंथरी. टिटवीची अंडी पाहून ती हळहळली. "अगं बाई, दगडांवर अंडी? आईनं काही शिकवलं नाही वाटतं!" टिटवी ओशाळली. आपले सगळेच गावंढळ, असे तिला वाटू लागले. शिंपिणीने चोचीचोचीने कापूस आणून अंड्यांखाली पसरला आणि टिटवीने तो मुकाट्याने पसरू दिला.

दुपारी आभाळातून एका कावळ्याला माळावर पांढरा ठिपका दिसला. "वा! गादीवर मेजवानी!" म्हणत तो खाली आला आणि टिटवी आक्रोश करत धावेपर्यंत एक अंडे घेऊन उडाला. शिंपीण लगबगीने आली. "बघ, उघड्यावर असंच व्हायचं. थांब, आणखी कापूस आणते!"

"एक धागासुद्धा आणू नकोस, मावशी!" टिटवी कडाडली. तिने सगळा कापूस उपसून वाऱ्यावर उधळला.

"वेडी का काय! पाखरं हसतील तुला."

"हसू देत. मी या खड्यांत वाढले. माझी अंडी खड्यांसारखी आहेत, म्हणून तर ती जगतात. तुझं घरटं तुला लखलाभ, पण मी माझ्या माळाची रीत सोडणार नाही."

संध्याकाळी कावळा पुन्हा आला. घिरट्या घालून तो अंड्यांपासून वीतभर अंतरावरून चालत गेला आणि "इथंच तर होती!" असे पुटपुटत निघून गेला. लिंबोणीवरून शिंपिणीने दबक्या आवाजात विचारले, "कुठं आहेत गं? मलाही दिसेनात."

टिटवी मान ताठ करून म्हणाली, "मला दिसतात, मावशी. तेवढं पुरे."

तात्पर्य : ज्या भूमीने आपल्याला घडवले तिची लाज बाळगू नये, प्रेमाने दिलेला सल्लाही आपल्या मातीत रुजतो का, हे आधी पाहावे.