चार तासांची गरज

एका बड्या सोसायटीत अठरा मजले होते, प्रत्येक घरात तीन-तीन संडास होते, आणि तळमजल्यावर कुत्र्यांना अंघोळ घालायला टाइल्स लावलेली खोलीसुद्धा होती. फक्त कामवाल्या बायकांसाठी संडास नव्हता. घरातला कुणी वापरू देत नसे, म्हणून त्या सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत.

जिने झाडणाऱ्या हौसाबाईंनी हे एकदा इमारतीचे आर्किटेक्ट चिपळोणकर यांच्या कानावर घातलं होतं. साहेब हसून म्हणाले होते, "बाई, चार तासांसाठी तर येता. तेवढ्यात काय गरज पडते?"

पुढे इमारतीला पुरस्कार मिळाला. हिरवळीवर साहेबांचा सत्कार ठरला आणि पन्हं द्यायचं काम हौसाबाईंकडे आलं. ऊन मी म्हणत होतं. हौसाबाईंनी साहेबांचा पेला एकदाही रिकामा राहू दिला नाही. भाषणं लांबत गेली, तसे साहेब खुर्चीत चुळबुळ करू लागले. शेवटी उठून त्यांनी हौसाबाईंनाच हळूच विचारलं, "इथं खाली नंतर एखादं बाथरूम केलंय का हो?"

"नाही साहेब," हौसाबाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "आणि तुम्हाला येऊन दोनच तास झालेत. चार तास गरज पडत नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

महिन्याभरात कुत्र्यांच्या खोलीशेजारी संडास बांधून झाला. तो रोज धुवायचं काम अर्थातच हौसाबाईंच्या गळ्यात पडलं. पण आता त्या घरून निघताना तांब्याभर पाणी पिऊन निघतात.