सावरीच्या शेंड्यावरची नोटीस

जंगलात अजून पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. गरुडराव दरवर्षी पोरांसाठी चित्रस्पर्धा भरवायचे. पहिल्या येणाऱ्याला नदीपलीकडच्या अस्वलगुरुजींकडे वर्षभर शिकायला मिळायचं, तेही खाण्यापिण्यासकट. स्पर्धेची नोटीस लागायची सावरीच्या शेंड्यावर. तीन वर्षं माकडांचीच पोरं पहिली आली. "या जंगलात कला आहे ती फक्त माकडांत," असं गरुडराव चारचौघांत सांगू लागले.

त्याच सावरीच्या बुंध्याशी रेघी नावाची साळूची पोर राहायची. ओढ्याकाठच्या चिखलात ती अंगावरच्या काट्यानं अशी हरणं काढायची, की पाण्यावर आलेली खरी हरणं दचकायची. चौथ्या वर्षी उडता उडता टिटवीमावशीनं नोटीस वाचली आणि सवयीप्रमाणे जंगलभर ओरडत सुटली. "हिचं आपलं रोजचंच," म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. रेघीनं मात्र नीट ऐकलं आणि स्पर्धेत नाव दिलं.

तिचं चित्र बघायला गरुडराव ओढ्यावर उतरले आणि चाटच पडले. पहिला नंबर रेघीचा.

"पोरी, तीन वर्षं होतीस कुठे?"

"इथंच होते, आजोबा. तुमच्या नोटिशीच्या बरोब्बर खाली."

पुढल्या वर्षी नोटीस पाणवठ्यावर लागली. पहिली तक्रार आली ती माकडांची. वाचायला खाली उतरावं लागतं म्हणे.